किलोमीटरला एक रुपया? जाहिरातीचा हिशेब आणि घरचा हिशेब

सांगलीच्या विश्रामबाग भागात राहणारे माझे एक स्नेही आयुष्यभर बँकेत नोकरी करून निवृत्त झाले. आकड्यांशी चाळीस वर्षांची मैत्री असलेला हा माणूस एका संध्याकाळी विजेचे बिल हातात घेऊन माझ्याकडे आला. दोन महिन्यांपूर्वीच त्यांनी विजेवर चालणारी मोटार घेतली होती. "अहो, दालनातल्या मुलाने किलोमीटरला एक रुपया सांगितला होता. मी मांडून पाहिले तर जवळपास दोन रुपये पडतात. माझी बेरीज चुकली की त्याची?" त्यांनी विचारले.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असल्यामुळे बेरजेच्या बाबतीत त्याचे मत कोणी मागू नये, हेच बरे. तरीही त्या रात्री आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. बेरीज कोणाचीच चुकली नव्हती. जाहिरातीने हिशेबाचे एक पान दाखवले होते आणि दुसरे झाकून ठेवले होते. सातारा-सांगलीतील हजारो मध्यमवर्गीय कुटुंबे आज याच उंबरठ्यावर उभी आहेत. घरानंतरची आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी ती करू पाहत आहेत. म्हणूनच ते झाकलेले पान उघडे करणे आवश्यक वाटते.

एक रुपयाचे रहस्य

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग. २०२४-२५ च्या दरपत्रकात या तीन टप्प्यांचे दर अनुक्रमे ४ रुपये ७१ पैसे, १० रुपये २९ पैसे आणि १४ रुपये ५५ पैसे असे होते. त्यावर युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीजशुल्क. म्हणजे ग्राहकाच्या खिशातून पहिल्या टप्प्यात युनिटमागे सुमारे पावणेसात रुपये, दुसऱ्यात सव्वातेरा रुपये आणि तिसऱ्यात सव्वाअठरा रुपये जात.

लहान विजेची मोटार, चार्जिंगमधील घट धरून, एका युनिटात साधारण सात किलोमीटर चालते. पावणेसात रुपयांना सात किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला एक रुपया! जाहिरातीचे रहस्य येथे उलगडते. हा दर पहिल्या टप्प्याचा आहे. पण घरात फ्रिज आहे, पंखे आहेत, मिक्सर आहे, दूरचित्रवाणी आहे. ती पहिली स्वस्त शंभर युनिटे गाडी अंगणात येण्यापूर्वीच खर्ची पडलेली असतात. गाडीच्या वाट्याला येते ती दुसऱ्या, नाही तर तिसऱ्या टप्प्याची वीज. म्हणून किलोमीटरचा खरा खर्च सुमारे दोन ते अडीच रुपयांच्या दरम्यान पडतो. महामार्गावरील जलद चार्जिंग केंद्रावर युनिटला वीस-बावीस रुपये मोजावे लागले, तर तोच खर्च तीन रुपयांच्या आसपास जातो.

याचा अर्थ पेट्रोलची गाडी स्वस्त ठरली असा नव्हे. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गावातील रहदारी व घाट धरून सरासरी १५ किलोमीटर असा हिशेब केला, तर पेट्रोल गाडी किलोमीटरला सात रुपये खाते. सात आणि दोन यांतील अंतर मोठेच आहे. सीएनजीचा खर्च या दोहोंच्या मध्ये कुठे तरी बसतो. मग असा सरळ फायदा असताना खोटा एक रुपया सांगण्याची गरज का भासावी? कारण धावण्याचा खर्च आणि गाडी बाळगण्याचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ग्राहकाच्या ध्यानात येऊ नये अशी विक्रेत्याची इच्छा असते.

दोन घरांची गोष्ट

दोन कुटुंबे डोळ्यांसमोर आणा. पहिले सातारचे. पती-पत्नी दोघेही शिक्षक. रोजची शाळा, मंडई, कधी यवतेश्वरचा घाट चढून कासकडे फेरी. महिन्याला ६०० किलोमीटर. दुसरे मिरजेचे. औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, रोज तासगाव, आष्टा, ईश्वरपूर असा फिरणारा. महिन्याला १,५०० किलोमीटर. दोन्ही घरांत महिन्याला १५० युनिटे वीज आधीपासून वापरली जाते असे धरू.

तुल्यबळ पेट्रोल गाडीपेक्षा विजेची गाडी ऑन रोड तीन लाख रुपयांनी महाग पडते असे उदाहरणादाखल मानू. हा फरक कर्जातून भागवला आणि व्याज ९ टक्के, मुदत पाच वर्षे धरली, तर परतफेड सुमारे पावणेचार लाखांची होते.

सातारचे घर पेट्रोलवर वर्षाला ५०,४०० रुपये खर्च करील, विजेवर सुमारे १३,७०० रुपये. बचत सदतीस हजारांच्या आत. पावणेचार लाख वसूल व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. बहुतेक कंपन्यांनी बॅटरीची जी हमी दिली आहे ती आठ वर्षे अथवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल ते. म्हणजे हमी संपल्यानंतर दोन वर्षांनी कुठे या शिक्षक दांपत्याचा पहिला रुपया वाचणार!

मिरजेच्या प्रतिनिधीचे पेट्रोल वर्षाला १ लाख २६ हजारांचे. विजेवर, काही युनिटे तिसऱ्या टप्प्यात जाऊनही, सुमारे ३८ हजार. बचत ८८ हजार. सव्वाचार वर्षांत त्याची भरपाई पूर्ण होते आणि पुढचा सगळा प्रवास नफ्याचा.

तीच गाडी, तोच कारखाना, तीच वीज. एका घराला ती शहाणपणाची, दुसऱ्याला हौसेची. फरक आहे तो धावण्याचा. गाडी जितकी उभी राहते तितकी ती महाग पडते. आपल्या मध्यमवर्गाची मोटार तर बहुतांश वेळ दारात झाकून उभी असते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा?

देखभालीचे काय, असा प्रश्न येईल. विजेच्या गाडीला इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाही. घाट उतरताना मोटर जनित्रासारखी काम करून बॅटरीत थोडी वीज परत भरते, त्यामुळे ब्रेकही कमी झिजतात. हा लाभ खरा आहे. तृतीय पक्ष विम्यातही २०२२ साली ठरलेल्या दरांत विजेच्या मोटारींना १५ टक्के सूट मिळाली. पण मध्यम गाडीच्या बाबतीत ही सूट वर्षाकाठी सुमारे पाचशे रुपयांची. उलट गाडीची मूळ किंमत अधिक म्हणून स्वतःच्या नुकसानीचा विमा महाग पडतो. देखभालीतील बचत आणि विम्यातील वाढ ढोबळमानाने परस्परांत वळती होतात. जुनी गाडी विकायला काढली की ग्राहक पहिला प्रश्न बॅटरीच्या वयाचा विचारतो आणि भाव पाडून मागतो, हेही विसरता येणार नाही.

सांगलीकरांसाठी आणखी एक बाब. २००५, २०१९ आणि २०२१ या तीनही वर्षांत कृष्णामाई घराघरांत शिरली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेले. विजेच्या गाडीचा सर्वांत महाग अवयव तिच्या तळाशी बसवलेला असतो. पूररेषेत राहणाऱ्या माणसाने बॅटरीच्या संरक्षणाचे वेगळे विमा कलम घेतल्याशिवाय अशी गाडी दारात उभी करू नये.

सवलती कोणाच्या दारी?

आता शासनाकडे वळू. विजेच्या गाड्यांवर शासनाने सवलतींची खैरात केली, असे एक चित्र उभे केले जाते. प्रत्यक्षात खासगी मोटार घेणाऱ्या कुटुंबाच्या पदरात काय पडले, ते तपासून पाहू.

२०१९ ते २०२४ या काळात राबवलेल्या केंद्राच्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी मोटारींना अनुदान नव्हते. ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या १०,९०० कोटींच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही नाही. वाहनकर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत प्राप्तिकरात वजावट देणारे एक कलम होते. ते ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतेच. उरला तो वस्तू व सेवा कर. विजेच्या गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून तो ५ टक्के आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील कर, अधिभारासह जो २९ टक्के होता, तो १८ टक्क्यांवर आला. हा निर्णय सामान्य माणसाच्या हिताचाच. मात्र त्यामुळे दोन गाड्यांच्या किमतींतील दरी, जी हळूहळू बुजत होती, ती पुन्हा रुंद झाली, ही वस्तुस्थिती आहे.

राज्य शासनाने मोटार वाहन करात सूट ठेवली आहे. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांना १२ टक्के एकरकमी कर भरावा लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या सवलतीचे मोल कळते. २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवण्यात आला आणि त्याच अधिवेशनात तो मागे घेण्यात आला. तीस लाखांची मोटार घेऊ शकणाऱ्यासाठी एवढी तत्परता! हीच तत्परता दहा लाखांच्या गाडीसाठी पाच वर्षांचे कर्ज काढणाऱ्या शिक्षकाविषयी कधी दिसणार?

टोलचेच पाहा. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार विजेच्या मोटारींना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर टोल माफ झाला. चांगले झाले. पण सांगलीचा माणूस पुण्याला जायला निघाला, तर पेठनाका ओलांडल्यावर त्याला तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे तीन टोलनाके लागतात. हा राष्ट्रीय महामार्ग, केंद्राच्या अखत्यारीतला, म्हणून राज्याची सवलत येथे लागू नाही. नियमाच्या भाषेत हे उत्तर बिनचूक आहे. परंतु मुंबईच्या समुद्रावरून जाणाऱ्याने फुकट जायचे आणि खंबाटकी चढून येणाऱ्याने पैसे मोजायचे, दोघांच्याही गाडीचा धूर सारखाच शून्य, हे न्यायाच्या भाषेत कसे समजावून सांगणार?

आणि हा सातारा जिल्हा कोणता? ज्या जिल्ह्यातील कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे, ज्या खोऱ्यातील गावांनी महाराष्ट्राच्या दिव्यांसाठी घरेदारे आणि शेते पाण्याखाली जाऊ दिली, तोच हा जिल्हा. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर आणि सांगली जिल्ह्यात ढालगावच्या माळावर पवनचक्क्यांची पाती गेली पंचवीस-तीस वर्षे फिरत आहेत. वीज येथे जन्मते, पण विजेवरच्या वाहनाचे कौतुक आणि सोयी मुंबई-पुण्याच्या वाट्याला जातात. वाढत्या वयाच्या मुलाने सगळे कमवून शहरात पाठवावे आणि आपण मात्र कंदिलाखाली बसावे, असाच हा प्रकार आहे.

इंधन कोणाचे, बॅटरी कोणाची?

या वादात एक आक्षेप वारंवार ऐकू येतो. तो आपल्या वर्तुळातील विचारी माणसेही घेतात, म्हणून त्याचा परामर्श घेणे भाग आहे. आक्षेप असा, की विजेच्या गाडीतील बॅटरीचे सेल चीनमधून येतात. मग अरबांचे तेल सोडून चीनच्या दारात उभे राहण्यात कोणता स्वदेशी विचार?

आक्षेपात तथ्य आहे. जगातील लिथियम बॅटरी सेलचे बहुसंख्य उत्पादन चीनच्या हाती आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा आपल्या वाहन कारखान्यांची झोप उडाली होती. भारतातच सेल बनावेत म्हणून केंद्राने २०२१ साली १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिची गती मात्र बैलगाडीचीच राहिली. यावर टीका झालीच पाहिजे.

परंतु हिशेब पुरता मांडावा. सातारच्या त्या शिक्षकांची गाडी दहा वर्षांत ४,८०० लिटर पेट्रोल जाळील. त्यात आता पाचवा हिस्सा इथेनॉलचा असतो आणि त्याचा काही पैसा कृष्णाकाठच्या ऊसकऱ्याकडे येतो, ही समाधानाची बाब. (इथेनॉलमधील उष्मांक पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून गाडीची सरासरी थोडी घसरते, हेही ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवे.) उरलेल्या चार हिश्शांचे काय? आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होते. ते जळाले की धूर उरतो. पुन्हा टाकी भरायची, पुन्हा परकीय चलन. बॅटरी मात्र एकदाच बाहेरून येते, आठ-दहा वर्षे राबते आणि निकामी झाली तरी तिच्यातील लिथियम, निकेल, तांबे हे धातू देशातच राहतात. ते काढून पुन्हा वापरता येतात. तिला रोज लागणारी वीज तर आपल्याच कोळशाची, कोयनेच्या पाण्याची, ढालगावच्या वाऱ्याची. रोजचे परावलंबन आणि एकदाचे परावलंबन यांत भेद करावाच लागेल. चीनवरील अवलंबनावर उपाय भारतात सेलचे कारखाने काढणे हा आहे. पेट्रोल पंपापुढे रांग लावणे हा नव्हे.

येथे एक जुनी हकीकत आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी त्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे औंधच्या संस्थानाने जागा दिली आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या शेतकऱ्याला आपण आज अडाणी ठरवून मोकळे होतो. पण गाठीच्या पैशाने अनोळखी वस्तू घेणाऱ्याने शंका घेऊ नये तर कोणी घ्यावी? किर्लोस्करांनी त्याची टवाळी केली नाही. नांगर शेतात चालवून दाखवला आणि याच मातीत त्याचा कारखाना काढला. आजच्या विक्रेत्यांनी आणि धोरणकर्त्यांनी शिकावे ते हे.

मग करावे काय?

आधी ग्राहकाविषयी. गाडी पाहायला जाण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची विजेची बिले आणि गाडीच्या काट्यावरील किलोमीटर एका कागदावर लिहा. महिन्याला हजार किलोमीटरहून कमी धावणाऱ्याने केवळ बचतीच्या नावाखाली विजेची गाडी घेऊ नये. बाराशेच्या पुढे धावणाऱ्याने आणि घरी चार्जिंगची सोय असणाऱ्याने ती घ्यायला कचरू नये. भाड्याच्या सदनिकेत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने वाहनतळात वीज मिळणार की नाही, याचे लेखी उत्तर सोसायटीकडून आधी घ्यावे. गाडीसाठी वेगळी वीजजोडणी घेता येते. तिचा दर घरगुती दुसऱ्या टप्प्याशी ताडून पाहावा.

ज्यांचे स्वतःचे छप्पर आहे, त्यांच्यासाठी तर हिशेबच पालटतो. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. असा संच महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिटे देतो. सातारच्या शिक्षकांचे घर आणि गाडी मिळून लागतात २३६ युनिटे. अनुदान वजा जाता सव्वा लाख रुपये लागले असे धरले, तरी विजेच्या बिलातील आणि गाडीच्या चार्जिंगमधील बचतीतून हा खर्च चार-पाच वर्षांत निघतो. जत-आटपाडीच्या ज्या उन्हाने पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ दिला, तेच ऊन आता गाडी चालवू शकते. हे इंधन कोणत्याही सामुद्रधुनीतून येत नाही. म्हणून आमचे सांगणे असे, की आधी छप्पर, मग गाडी. आज तीन लाखांचा जादा बोजा उचलण्यापेक्षा सव्वा लाखाचे छप्पर करा. २०१० मध्ये बॅटरीचा भाव क्षमतेच्या किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आला. दोन-तीन वर्षे थांबणाऱ्याचे फारसे काही बिघडत नाही.

आता शासनाकडे मागण्या. घरी चार्ज होणाऱ्या गाडीची वीज टप्प्यांच्या सापळ्यातून सुटावी आणि तिचा दर बिलावर स्वतंत्र छापला जावा. पुणे-सातारा-कोल्हापूर महामार्गावर विजेच्या मोटारींना द्रुतगती मार्गाप्रमाणेच टोलमाफी मिळावी, यासाठी दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी केंद्राकडे आग्रह धरावा. राज्याच्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला जलद चार्जिंग केंद्र असे म्हटले आहे. ते कागदावरून रस्त्यावर उतरावे. येथील सहकारी साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून वीज करतात. त्यांच्याच दारात चार्जिंग केंद्रे उभी राहिली तर सभासद शेतकऱ्यालाही उत्पन्न मिळेल. आणि कराड-मिरजेच्या गॅरेजांत इंजिनावर आयुष्य काढलेल्या मिस्त्रींसाठी आयटीआयमध्ये बॅटरीचे शिक्षण आजच सुरू व्हावे. उद्या त्यांची रोजी गेल्यावर अश्रू ढाळण्यात काय अर्थ?

माझ्या त्या बँकेतील स्नेह्यांनी शेवटी काय केले? त्यांनी गाडी विकली नाही. बिलाचा कागद घडी करून खिशात ठेवत ते म्हणाले, "गाडी उत्तम आहे हो. पण मला कोणी खरा आकडा सांगितला असता, तर मी आधी गच्चीवर पत्रे बसवले असते." पत्रे म्हणजे सौर पटले. पुढच्या महिन्यात त्यांनी ते बसवून घेतले. आता त्यांच्या आळीत कोणी गाडी घ्यायला निघाला, की ते त्याला घरी बोलावतात, चहा पाजतात आणि त्याच्यासमोर विजेचे बिल ठेवतात. आपापल्या आळीत हे काम आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे.